लूत, गंधक आणि साखरेच्या गोळ्या

गेल्या हिवाळ्यात वसईला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात परजीवी प्राण्यांविषयी बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपले, चहा झाला आणि नालासोपाऱ्याकडच्या एका शाळेतल्या बाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या शाळेच्या फाटकापाशी लूत भरलेला एक कुत्रा बसतो. मुले त्याला डब्यातली पोळी घालतात. सगळ्यांनाच त्याची दया येते, पण जवळ जायची भीतीही वाटते. बाईंच्या शेजारच्या काकांनी त्यावर उपाय सुचवला होता : ‘सल्फर ३०’च्या चार गोळ्या पावात घालून रोज द्यायच्या. काकांचा त्यामागे अनुभव होता. त्यांची वाडी खाडीच्या बाजूला आहे. तिवरांतून रात्री एक कोल्हा तिथे येई, त्याच्या शेपटीचे केस झडले होते, पाठीवर खपल्या धरल्या होत्या. काकांनी महिनाभर पावातून गोळ्या ठेवल्या आणि पुढे तो कोल्हा अंगावर केस आलेला असा दिसला.

बाईंनी मला विचारले, “सर, होमिओपथीत औषधच नसतं असं तुम्ही म्हणता. माणसाला मनाच्या समाधानानं बरं वाटत असेल हे एकवेळ मान्य. पण कोल्ह्याला कुठे ठाऊक होतं पावात औषध आहे म्हणून? मग त्याला गुण कसा आला?”

प्रश्न चोख होता आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होणे योग्य नव्हते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या गोळ्यांची पेटी असते, माझ्या आईच्या घरीही होती. शिवाय येथे एक मुके जनावर यातना भोगत आहे. म्हणून त्या दिवशी अर्धवट राहिलेले उत्तर सविस्तर लिहीत आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा. मराठीत कोल्हा म्हणजे इंग्रजीतला ‘जॅकल’. वसईपासून मुंबईपर्यंतच्या खाड्यांच्या काठी, तिवरांत राहतो तो हाच सोनेरी कोल्हा. इंग्रजी गोष्टींतला ‘फॉक्स’ म्हणजे आपल्या माळावरच्या खोकडाचा भाऊबंद, तांबडा खोकड. गोष्टींच्या भाषांतरांत त्याचाही कोल्हा झाला, त्यामुळे मुलांचा घोटाळा होतो. हा खुलासा करण्याचे कारण असे की, काकांनी केला तो उपाय ब्रिटनमध्ये बऱ्याच वर्षांपासून रूढ आहे. तिथल्या शहरांत खोकड लोकांच्या परसबागांत वावरतात आणि त्यांना लुतीचा रोग होतो. प्राणिप्रेमी मंडळी ‘सल्फर’ आणि ‘आर्सेनिकम आल्बम’ यांचे ३० पोटेन्सीचे थेंब जॅम लावलेल्या पावावर टाकून बागेत ठेवतात. काही धर्मादाय संस्थांनी ही औषधे लोकांना पुरवलीही आहेत. म्हणजे वसईच्या वाडीतला पाव आणि लंडनच्या बागेतला पाव यांत फरक एवढाच की, तिथे जॅम असतो.

लूत म्हणजे काय?

या रोगाचे कारण सार्कोप्टिस स्केबिआय नावाचा, जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर लांबीचा आठपायी जीव आहे. तो कीटक नव्हे, गोचीड आणि कोळी यांच्या वर्गातला आहे. सोयीसाठी आपण त्याला किडा म्हणू. याची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ पोखरते आणि त्यात दररोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि साधारण दोन ते तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालण्यास तयार होते. किड्याचे शरीर, त्याची विष्ठा, अंड्यांची टरफले या सर्वांविरुद्ध जनावराच्या शरीरात तीव्र प्रतिक्रिया उमटते. खाज सुटते, जनावर खाजवते, केस झडतात, जखमांत जंतू शिरतात, कातडी जाड होऊन तडकते. अन्न शोधण्याचा वेळ खाजवण्यात जातो. रोग वाढलेला खोकड काही महिन्यांत खंगून मरू शकतो.

हा रोग किती भयंकर ठरू शकतो याचे उदाहरण ब्रिस्टल शहरात घडले. तिथल्या खोकडांचा शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे अभ्यास करत होते. १९९४ साली तिथे लुतीची साथ शिरली आणि सुमारे दोन वर्षांत शहरातील ९५ टक्क्यांहून अधिक खोकड नाहीसे झाले. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशीच साथ पसरली. खोकड इतके घटले की, ते ज्यांची शिकार करतात त्या सशांची संख्या वाढली. लूत म्हणजे नुसता कातडीचा किरकोळ विकार नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

माणसाची खरूज याच किड्याच्या दुसऱ्या प्रकारामुळे होते. कुत्र्यावरचा किडा माणसाच्या अंगावर आला तर काही दिवस खाज सुटते, पण तो आपल्या कातडीवर पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. मुलांना हे जरूर सांगावे. त्यामुळे अवास्तव भीतीही जाईल आणि हात धुण्याचे महत्त्वही कळेल.

खरजेचा इतिहास आणि हानेमान

इटलीतील वैद्य बोनोमो याने १६८७ साली खरजेच्या रुग्णाच्या कातडीतून हा किडा सुईने काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि रोगाचे कारण हाच जीव आहे असे लिहिले. एखाद्या रोगाचे कारण डोळ्यांनी दाखवून देण्याच्या अगदी पहिल्या प्रसंगांपैकी हा एक. पण वैद्यकाने तो मानला नाही. पुढे कित्येक डॉक्टरांनी किडा शोधला, तो त्यांना सापडेना, कारण ते पूने भरलेल्या फोडांत पाहत होते आणि किडा असतो फोडांपासून काही अंतरावर, बिळाच्या टोकाशी. १८१२ साली पॅरिसमध्ये गालेस नावाच्या माणसाने किडा सापडल्याचे जाहीर केले, पण त्याने चितारलेला किडा चीजमध्ये होणाऱ्या किड्यासारखा निघाला! शेवटी १८३४ साली कॉर्सिका बेटावरून आलेल्या रेन्युची या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सर्वांसमक्ष खरा किडा सुईच्या टोकावर काढून दाखवला. त्याच्या बेटावरच्या बायाबापड्या तो असाच काढत असत.

या दोन घटनांच्या मध्ये, १८२८ साली, होमिओपथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांचा जुनाट रोगांवरील ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी ‘सोरा’ नावाची कल्पना मांडली. बहुतेक जुनाट रोगांच्या मुळाशी खरजेचा अंतर्गत दोष असतो आणि मलम लावून कातडीवरची खरूज घालवली तर तो दोष आत दाबला जाऊन पुढे नाना रोगांच्या रूपाने उफाळतो, असे त्यांचे म्हणणे. “वरून औषध लावू नका, रोग आत दबेल” हे वाक्य आपल्याकडेही पुष्कळ घरांत ऐकू येते.

हानेमान प्रामाणिक आणि अभ्यासू होते. त्यांच्या काळातील रक्त काढणे, पारा चारणे यांसारख्या उपचारांपेक्षा त्यांच्या गोळ्या कमी अपायकारक होत्या, हेही खरे. पण ज्या रोगावर त्यांनी एवढा मोठा सिद्धांत उभारला, त्या रोगाचे कारण आज वादाचा विषय उरलेले नाही. खरूज आतून बाहेर येत नाही. किडा बाहेरून कातडीत शिरतो. तो मेला की खरूज जाते आणि आत काहीही दबून राहत नाही.

गंधक असलेले आणि गंधक नसलेले औषध

आता गंधकाकडे वळू. खरजेवर गंधक हे खरोखरच औषध आहे. गंधकाची पूड तेलात खलून लावण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे. ५ ते १० टक्के गंधक असलेले मलम आजही तान्ह्या मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या खरजेवर डॉक्टर वापरतात. जनावरांच्या लुतीवर चुना आणि गंधक यांच्या द्रावणाने आंघोळ घालण्याची पद्धतही आहे. पुरेसे गंधक कातडीला लागले की किडा मरतो. त्यामुळे ‘सल्फर’ हे नाव ऐकताच गोळीवर विश्वास बसणे स्वाभाविक आहे.

पण काकांच्या गोळीत गंधक नाही. हे कसे, ते हिशेबाने पाहू. ‘३० पोटेन्सी’ म्हणजे मूळ पदार्थाचा शंभरावा भाग घेऊन तो ९९ भाग निष्क्रिय पदार्थात मिसळायचा आणि ही कृती ३० वेळा करायची. गंधक पाण्यात विरघळत नाही, म्हणून पहिल्या पायऱ्या दुग्धशर्करेत खलून करतात, पुढच्या पाणी आणि अल्कोहोलमध्ये. समजा, आरंभी ३२ ग्रॅम गंधक घेतले. त्यात सुमारे ६ वर २३ शून्ये इतके अणू असतात. दर पायरीला शंभराने भागायचे, म्हणजे दोन शून्ये कमी होतात. अकरा पायऱ्यांनंतर ६० अणू उरले. बाराव्या पायरीला एखादा उरला तर उरला. यापुढे आणखी १८ पायऱ्या आहेत! तिसाव्या पायरीच्या विरलतेत मूळ पदार्थाचा एक कण मिळवायचा तर १ वर ६० शून्ये इतके पाण्याचे रेणू तपासावे लागतील. एवढे पाणी म्हणजे पृथ्वीच्या वजनाचे सुमारे ५०० कोटी गोळे.

गंमत अशी की, ज्या पावात गोळी लपवली त्या पावाच्या प्रथिनांत गंधक असतेच. म्हणजे कोल्ह्याला गंधक मिळाले असलेच तर ते पावातून मिळाले, गोळीतून नव्हे.

हा हिशेब वर्गात करून घेता येतो. पोटॅशियम परमँगनेटचे चार खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. त्यातले १ मिलिलिटर घेऊन ९९ मिलिलिटर पाण्यात टाका आणि असेच पुढे करत जा. दुसऱ्या-तिसऱ्या भांड्यात रंग दिसेनासा होतो. येथे मुलांना थांबवून विचारा : रंग दिसत नाही, म्हणजे पदार्थ संपला का? नाही, तिसऱ्या भांड्यातही कोट्यवधी कोटी कण आहेत. पदार्थ खरोखर संपतो तो दहाव्या-अकराव्या भांड्याच्या सुमारास. डोळ्याला न दिसणे आणि नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला आक्षेप दुसऱ्या गोष्टीवर आहे, हे मुलांना नीट कळले पाहिजे. नाहीतर “जंतूही दिसत नाहीत, तरी असतातच ना?” हा प्रश्न कोणीतरी विचारील आणि शिक्षक अडचणीत येईल.

मग कोल्ह्याला गुण कसा आला?

बाईंचा प्रश्न अजून उरला आहे. काका खोटे बोलत नव्हते, त्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले. पण दिसले त्याचा अर्थ काय लावायचा?

पहिली शंका : आधीचा कोल्हा आणि नंतरचा कोल्हा एकच होता का? रात्रीच्या अंधारात, कुंपणापलीकडे, खूण न केलेला प्राणी ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. आजारी कोल्हा तिवरांत मेला आणि त्याच्या जागी दुसरा पावाला येऊ लागला, असे होऊ शकते. मेलेला कोल्हा “मला गुण आला नाही” हे सांगायला परत येत नाही. त्यामुळे आपल्यापर्यंत पोचतात त्या केवळ बरे झालेल्यांच्या हकिकती.

दुसरी शंका : ती लूतच होती का? ऋतुमानाप्रमाणे केस गळतात तेव्हा निरोगी प्राणीही रोगट दिसतो. बुरशीमुळे होणारे गजकर्ण आणि डेमोडेक्स नावाच्या वेगळ्या किड्याचा विकार यांतही केस झडतात. पिल्लांमधला, थोड्याच जागी झालेला डेमोडेक्सचा विकार बहुधा औषधावाचून बरा होतो. रोग कोणता हे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नक्की म्हणता येत नाही.

तिसरी : काही प्राणी स्वतःच्या प्रतिकारशक्तीने बरे होतात. महिनाभर आयते अन्न मिळालेल्या जनावराला त्यासाठी थोडे बळही मिळत असेल. शिवाय रोग अगदी वाईट दिसतो तेव्हाच आपण उपचार सुरू करतो, आणि अगदी वाईट अवस्थेनंतर मृत्यू नसेल तर उतारच असतो.

चौथी गोष्ट थेट बाईंच्या प्रश्नाशी निगडित आहे. औषध दिल्याचे कोल्ह्याला ठाऊक नव्हते हे खरे, पण काकांना ठाऊक होते! आणि बरे वाटले की नाही हे काकाच ठरवत होते. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या एका गटाला औषध नसलेली गोळी दिली होती. पायावर पडणारा भार यंत्राने मोजला तेव्हा सुधारणा नसलेल्या अनेक कुत्र्यांचे मालक “आता बरा चालतो” असे सांगत होते. विशेष म्हणजे पशुवैद्यांचीही अशीच फसगत झाली. समाधान येथे औषध देणाऱ्याचे होते.

या सर्व शंका दूर करण्याचा मार्ग माहीत आहे. खूण केलेले आजारी प्राणी घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे, दोन्हींना सारखाच पाव द्यायचा, एकाच गटाच्या पावात औषध घालायचे. कोणाला काय दिले हे ठाऊक नसलेल्या माणसाने कातडी तपासायची. हरवलेल्या आणि मेलेल्या प्राण्यांचीही नोंद ठेवायची. कुत्र्यांच्या लुतीवरील आजची औषधे अशा कसोट्यांतून गेली आहेत. होमिओपथीवरील माणसांतल्या अशा चाचण्यांचा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने आढावा घेतला आणि २०१५ साली निष्कर्ष दिला की, ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही विकाराबाबत आढळत नाही. ब्रिटनच्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजनेही २०१७ साली स्पष्ट केले की, ज्यांना पुराव्याचा आधार आहे अशा उपचारांऐवजी होमिओपथी वापरू नये.

“पण अपाय तर नाही ना?”

हा शेवटचा बचाव सर्वांत अधिक ऐकू येतो. गोळीत काहीच नाही तर गोळीने अपाय होणार नाही, हे खरेच. अपाय होतो तो वाया गेलेल्या वेळाने. चार आठवडे गोळ्या दिल्या, म्हणजे किड्याची निदान एक पिढी वाढली आणि शेजारच्या कुत्र्यांवर गेली. औषध चालू आहे अशी समजूत झाल्याने पशुवैद्याला कोणी बोलावले नाही.

लुतीवर आज चांगली औषधे आहेत. त्यांतले आयव्हरमेक्टिन मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २०१४ नंतर आयझोक्साझोलिन गटातल्या फ्लुरालानेरसारख्या गोळ्याही आल्या. पण म्हणून होमिओपथीच्या गोळीऐवजी आयव्हरमेक्टिन पावात घालून वाडीत ठेवा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ते खरे औषध आहे, म्हणूनच त्याची मात्रा वजनाप्रमाणे ठरवावी लागते. कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांना ते विषासारखे बाधते. विष्ठेतून बाहेर पडल्यावर ते शेणकिड्यांनाही मारू शकते. आणि रात्री ठेवलेला पाव कोल्ह्यानेच खाल्ला, मांजराने नाही, हे कोण सांगणार?

रानटी प्राण्यांबाबत तर खरे औषधही पुरे पडत नाही, असा अनुभव आहे. टास्मानियात नारावन्टापू राष्ट्रीय उद्यानात वॉम्बॅट या बिळात राहणाऱ्या प्राण्यांत लूत पसरली. बिळाच्या तोंडाशी झडप बसवून, प्राणी बाहेर येताना त्याच्या पाठीवर औषध सांडेल अशी युक्ती तिथल्या लोकांनी केली. काही काळ रोग कमी झाला, पण साथ थांबली नाही आणि त्या उद्यानातील ९० टक्क्यांहून अधिक वॉम्बॅट गेले.

कोल्ह्याला पाव ठेवण्याची सवयही बरी नव्हे. एकाच जागी रोज अन्न मिळाले की कोल्हे आणि भटके कुत्रे तिथे एकत्र येतात आणि रोगांची देवाणघेवाण सोपी होते. २०२४ साली मुंबईत चेंबूर परिसरातील कोल्ह्यांत रेबीज असल्याचे तपासणीत आढळले, हे विसरून चालणार नाही. कोल्हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. आजारी दिसला तर वनखात्याला कळवावे, स्वतः पकडू नये, अन्न ठेवू नये. हा सल्ला कोरडा वाटेल. मनाला तो समाधान देत नाही, गोळी देते. माझी तक्रार नेमकी याच समाधानाविषयी आहे.

शाळेच्या फाटकापाशी बसणाऱ्या कुत्र्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याला पशुवैद्य गाठता येतो. बाईंनी तसे केले. डॉक्टरांनी कातडी खरवडून किडा असल्याची खात्री केली आणि दोन आठवड्यांच्या अंतराने इंजेक्शने दिली. खर्च शिक्षकांनी वर्गणी काढून भागवला. नववीच्या मुलांनी दर सोमवारी, ठरावीक अंतरावरून, त्याच बाजूने त्याचे छायाचित्र काढले. दीड महिन्याने बाईंनी ती छायाचित्रे मला पाठवली. पाठीवर केस आलेले स्पष्ट दिसतात.

सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिले होते, “सर, आमच्या एका मुलीनं विचारलं, हाही एकच कुत्रा आहे, मग काकांच्या कोल्ह्यात आणि याच्यात फरक काय?” मुलीची शंका रास्त आहे. एका कुत्र्यावरून त्या औषधाचा गुण सिद्ध होत नाही. तो आधीच शेकडो कुत्र्यांवर, तुलनेसाठी गट ठेवून तपासला गेला आहे, म्हणून आपण ते या कुत्र्याला दिले. मी बाईंना उत्तर लिहिले आणि त्या मुलीला माझा नमस्कार कळवला.